रॅम भरली म्हणजे नेमकं काय भरलं? व्हिडिओ एडिटिंगमधला मेमरीचा घोळ सोडवताना

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीसमोर ९० टक्के दिसले की बरेच जण थेट रॅम विकत घ्यायला निघतात. थोडं थांबा. प्रीमिअर प्रो काय किंवा दा विंची रिझॉल्व्ह काय, मोकळी रॅम दिसली की वापरतात, आणि तेच बरोबर आहे. डीकोड केलेल्या (फाइलमधून उलगडून तयार ठेवलेल्या) फ्रेम हाताशी असल्या तरच टाइमलाइनवर मागे-पुढे करताना अडकायला होत नाही. आकडा मोठा दिसणं हा बिघाड नव्हे. प्लेबॅक दर काही सेकंदांनी थबकतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, मेमरी कमी असल्याचा इशारा येतो किंवा एक्स्पोर्ट मध्येच कोसळतो, तेव्हा बिघाड आहे असं समजा.

पुढचं बरंचसं विंडोज, १६ जीबी रॅम आणि ४के फूटेज अशा मशीनला धरून आहे. लग्नाच्या कामाला हाच जुगाड जास्त दिसतो.

आधी बघा, संपतंय काय

'मेमरी' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात: प्रत्यक्ष रॅम, रॅम आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) मिळून असलेली मर्यादा, आणि ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ते न बघता सेटिंग बदलत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

प्रोजेक्ट उघडा, जिथे अडकतं तो भाग प्ले करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर काढा. परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा. 'इन यूज' म्हणजे खरोखर वापरात असलेली रॅम. 'कॅश्ड'कडे दुर्लक्ष करा, गरज पडली की विंडोज ती जागा आपणहून सोडते. खरी नजर हवी ती 'कमिटेड'वर. तिथे १७.८/१८.४ जीबी अशी जोडी दिसते. पहिला आकडा सगळ्या प्रोग्रॅमनी मागून ठेवलेल्या मेमरीचा, दुसरा रॅम आणि पेजफाइल मिळून असलेल्या मर्यादेचा. पहिला दुसऱ्याला टेकला की प्रोग्रॅमला नवी मेमरी मिळत नाही आणि तो बंद पडतो. रॅममध्ये दोन जीबी मोकळे दिसत असतानाही असं होऊ शकतं. 'रॅम शिल्लक होती, तरी क्रॅश झालं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

त्याच टॅबमध्ये खाली जीपीयूवर क्लिक केलं की 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' आणि 'शेअर्ड जीपीयू मेमरी' दिसतात. ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि डेडिकेटेडचा आलेख छताला लागून शेअर्डचा वर चढू लागला असेल, तर तुमची अडचण रॅमची नाही, कार्डाची आहे. अशा वेळी रॅम १६ ची ३२ केली तरी फार फरक पडणार नाही.

मग डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'कमिट साइझ' हा कॉलम जोडा आणि त्यावर उतरता क्रम लावा. मुख्य प्रोग्रॅमखाली कोण बसलंय ते बघा: डायनॅमिक लिंक मॅनेजर, मीडिया एन्कोडर, सीईपी एचटीएमएल इंजिन नावाच्या चार-पाच प्रोसेस (ही एक्स्टेन्शन पॅनल्स असतात, प्रत्येक पॅनल आपापला वाटा घेतं), आणि तीस टॅब उघडे असलेला ब्राउझर. यातलं जे कामाचं नाही ते बंद करून पुन्हा मोजा. एवढ्यावर भागलं तर पुढचं वाचायची गरजही उरत नाही.

'रॅम क्लीनर' नावाची मोफत साधनं मात्र लावू नका. ती चालू प्रोग्रॅमची मेमरी ढकलून पेजफाइलमध्ये पाठवतात. टास्क मॅनेजरचा आकडा खाली येतो आणि पुढच्या क्लिकला तीच मेमरी डिस्कवरून परत आणावी लागते, म्हणजे काम आणखी सावकाश.

एका फ्रेमचा हिशोब

मेमरी कुठे जाते हे कळायला एकच गुणाकार पुरतो. ४के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल असतात. ८ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे ४ बाइट लागतात, म्हणजे एक फ्रेम ३३ एमबीची. हीच फ्रेम ३२ बिट फ्लोटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक हिशोबात) नेली की पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे फ्रेम १३३ एमबीची. २५ फ्रेमच्या एका सेकंदाला पहिल्या हिशोबाने ८३० एमबी, दुसऱ्या हिशोबाने ३.३ जीबी. वर दुसरा थर, त्यावर डिझॉल्व्ह, त्यावर ब्लर, असं चढत गेलं की प्रत्येक टप्प्याला स्वतःची फ्रेम लागते. फाइल डिस्कवर किती एमबीची आहे याचा याच्याशी संबंध नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका फोटोंना बसतो, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ८-१० एमबीचा जेपेग असतो. उघडला की ६००० गुणिले ४००० गुणिले ४ बाइट, म्हणजे ९६ एमबी, आणि फ्लोटमध्ये ३८४ एमबी. ४५ मेगापिक्सेलचा असेल तर ८ बिटमध्येच १८० एमबीच्या आसपास. फोनच्या १०८ मेगापिक्सेल मोडमधला असेल तर ४३२ एमबी. शेवटच्या गाण्यावर दोनशे फोटोंचा स्लाइडशो लावला, प्रत्येकाला झूम आणि एकमेकांत डिझॉल्व्ह दिला, की डिझॉल्व्हच्या जागी दोन मोठे फोटो एका वेळी लागतात. एक्स्पोर्ट नेमका तिथेच मान टाकतो.

उपाय सोपा आहे. एचडी टाइमलाइनसाठी फोटोची लांब बाजू २५०० पिक्सेल, ४केसाठी ५००० पिक्सेल करून घ्या. एवढ्यात ३० टक्क्यांपर्यंतचा झूम आरामात बसतो. फोटोशॉपमध्ये फाइल > स्क्रिप्ट्स > इमेज प्रोसेसर, किंवा मोफत इरफान व्ह्यूचं बॅच कन्व्हर्शन, दोन्ही चालतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो २५०० पिक्सेलवर आणला की ९६ चे सुमारे १७ एमबी होतात. मूळ फोटो त्याच नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे गरज पडली तर रिप्लेस फूटेज करता येईल.

प्रीमिअरमधली सेटिंग

एडिट > प्रेफरन्सेस > मेमरीमध्ये दोन गोष्टी असतात. पहिली, इतर प्रोग्रॅमसाठी राखून ठेवायची रॅम. हा आकडा कमीत कमी करा असा सल्ला सर्रास मिळतो. १६ जीबीच्या मशीनवर तो चुकीचा आहे. विंडोज, अँटिव्हायरस आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला ४-५ जीबी लागतातच. ती जागा प्रीमिअरने बळकावली की विंडोज पेजफाइलकडे धावते आणि सगळं मशीनच जड होतं. १६ जीबीला ४ ते ५ राखा, ३२ जीबीला ६ पुरेत. आफ्टर इफेक्ट्सही (ॲडोबचं ॲनिमेशन आणि इफेक्टचं सॉफ्टवेअर) उघडं असेल तर उरलेला वाटा दोघांत मिळून असतो हे लक्षात ठेवा.

दुसरी, 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर'. एरवी ते परफॉर्मन्सवरच बरं. मोठे फोटो असलेला भाग रेंडर होत नसेल तर मेमरीवर आणा. एका वेळी कमी फ्रेम हाताळल्या जातात, वेळ जास्त लागतो, पण काम पूर्ण होतं. झालं की परत परफॉर्मन्सवर न्या.

सिक्वेन्स सेटिंग्जमधल्या 'मॅक्सिमम बिट डेप्थ' आणि 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' या दोन खुणा जरा तपासा. 'मॅक्सिमम' वाचून दोन्ही लावल्या जातात. ८ बिट फूटेजवर बिट डेप्थच्या खुणेने फारसं हाती लागत नाही. रेंडर क्वालिटी ही चित्र लहान-मोठं करताना लागणारी सोय आहे आणि तिला रॅम जास्त लागते. एडिट करताना दोन्ही काढून टाका. ४के फूटेज एचडीत उतरवताना कडा खडबडीत वाटल्या तर फक्त अंतिम एक्स्पोर्टला दुसरी लावा.

प्रोग्रॅम मॉनिटरच्या खाली प्लेबॅक रिझोल्यूशन १/२ केलं की पिक्सेल चौथाई होतात, १/४ केलं की सोळावा हिस्सा. तिथल्याच पान्याच्या मेन्यूत 'हाय क्वालिटी प्लेबॅक' चालू असेल तर बंद करा. मात्र एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल डीकोड करण्याचा भार याने फारसा हलका होत नाही. तिथे एक फ्रेम काढायला आसपासच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात. १० बिट ४:२:२ एच.२६५ असेल तर हाल आणखी: इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकला ते जमतं, पण एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. हार्डवेअरची मदत मिळाली नाही की सगळा भार प्रोसेसर आणि रॅमवर.

तिथे प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपची एडिटिंगपुरती हलकी प्रत. प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिप निवडा, राइट क्लिक, प्रॉक्सी > क्रिएट प्रॉक्सीज, आणि एच.२६४ ऐवजी प्रोरेस प्रॉक्सीचा प्रीसेट घ्या. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे मागे-पुढे करणं हलकं जातं. बदल्यात डिस्क जास्त लागते: एचडी, २५ फ्रेम धरून तासाला साधारण १७ जीबी. सहा तासांचं फूटेज म्हणजे शंभर जीबी, एवढी जागा आधीच बघून ठेवा. प्रॉक्सी बनवूनही काही फरक नाही असं वाटलं, तर नव्वद टक्के वेळा 'टॉगल प्रॉक्सीज' बटण चालूच केलेलं नसतं. मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून ते बटण खाली ओढून आणा. निळं दिसलं म्हणजे चालू.

लग्नाची रेडिमेड टायटल्स

कमळं फिरतात, सोनेरी धूळ उडते आणि मधोमध वधू-वरांची नावं येतात. ही टेम्प्लेट आफ्टर इफेक्ट्समध्ये बनलेली असतील तर ती चालवायला प्रीमिअर मागच्या मागे त्याचं इंजिन सुरू करतो. टाइमलाइनवर अशी दहा टायटल्स असली की मेमरीत जणू दुसरा एडिटर येऊन बसतो. आफ्टर इफेक्ट्समधून डायनॅमिक लिंकने थेट जोडलेल्या कॉम्पोझिशनचंही तेच.

नावांचं स्पेलिंग एकदा घरच्यांकडून पक्कं झालं की टायटलवर राइट क्लिक करून 'रेंडर अँड रिप्लेस' द्या, फॉरमॅट प्रोरेस किंवा डीएनएक्स. त्याच्या जागी साधी व्हिडिओ फाइल येते. नंतर आत्याबाईंचं नाव राहिलं असं निघालं, तर 'रिस्टोअर अनरेंडर्ड'ने मूळ टायटल परत मिळतं. खुद्द आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करत असाल तर एडिट > पर्जमधून मेमरी मोकळी करता येते.

प्रोजेक्टही फोडा. हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ सगळं एका फाइलमध्ये, वर हायलाइट, टीझर आणि रील्सचे सिक्वेन्स, आणि सगळे टॅब उघडे, असा प्रकार असेल तर उघडतानाच दोन-तीन जीबी जातात. प्रत्येक विधीचा वेगळा प्रोजेक्ट ठेवा. प्रीमिअरमध्ये २०२० पासून असलेल्या 'प्रॉडक्शन्स'ने ते एका छताखाली राहतात आणि फक्त हवा तोच उघडतो.

सी ड्राइव्ह आणि पेजफाइल

कमिटेड मर्यादेला टेकत असेल तर आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरली ते बघा. विंडोज स्वतः सांभाळते ती पेजफाइल ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या आठव्या हिश्शापर्यंतच वाढते, आणि तेही जागा मोकळी असेल तर. प्रीमिअरचा मीडिया कॅशे मुळात सी ड्राइव्हवरच साठतो. दोन-चार लग्नांत तो इतका फुगतो की पेजफाइलला वाढायला वावच राहत नाही. हा मीडिया कॅशे डिस्कवरची गोष्ट, मेमरीची नव्हे, पण रॅमचा इशारा येतो तो या वाटेने.

प्रेफरन्सेस > मीडिया कॅशेमध्ये जाऊन ठिकाण दुसऱ्या एसएसडीवर न्या आणि जुन्या फाइल आपोआप काढायची खूण लावा. सगळा कॅशे एकदम साफ करायचा तर प्रोजेक्ट न उघडता, होम स्क्रीनवरूनच प्रेफरन्सेसमध्ये जा. प्रोजेक्ट पुढच्या वेळी उघडताना वेव्हफॉर्म पुन्हा तयार होतील, त्याला वेळ द्या.

पेजफाइल हाताने ठरवायची तर स्टार्ट मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीसमोर चेंज. आपोआपची खूण काढा आणि १६ जीबी रॅमला इनिशियल १६३८४, मॅक्सिमम ३२७६८ एमबी द्या. सेट दाबायला विसरू नका, ओके करा आणि मशीन रीस्टार्ट करा. ही फाइल एसएसडीवरच हवी. जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलीत तर क्रॅश टळेल, पण काम रांगेल. आणि वेग वाढतो म्हणून पेजफाइल पूर्ण बंद करण्याच्या फंदात तर पडूच नका.

रिझॉल्व्हमध्ये वेगळं काय

रिझॉल्व्हचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डात आहे. 'जीपीयू मेमरी इज फुल' हा संदेश रॅमबद्दल नसतो. पहिला उपाय, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन रिझोल्यूशन १९२०×१०८० ठेवून काम करा आणि अंतिम रेंडरच्या आधी ते ४के करा. रिझॉल्व्हमध्ये क्रॉप, टायटल आणि विंडो रिझोल्यूशनच्या प्रमाणात सरकतात, त्यामुळे मांडणी बिघडत नाही. तरीही एकदा डोळ्यांखालून घाला. दुसरा, टेम्पोरल नॉइज रिडक्शन. ते एका फ्रेमसाठी शेजारच्या फ्रेमही कार्डात धरून ठेवतं. रात्रीच्या वरातीच्या दाणेदार शॉटवर फ्रेमची संख्या ५ लावली असेल तर २ वर आणून बघा. फरक डोळ्यांना क्वचितच कळतो, कार्डाला लगेच कळतो.

रॅमसाठी प्रेफरन्सेस > सिस्टिम > मेमरी अँड जीपीयूमध्ये दोन पट्ट्या आहेत: रिझॉल्व्हला एकूण किती आणि त्यातून फ्यूजनच्या (रिझॉल्व्हमधल्या इफेक्ट आणि टायटलच्या भागाच्या) कॅशेला किती. १६ जीबीवर १० आणि ३ असं ठेवून सुरुवात करा. फ्यूजन पेजवर उजव्या कोपऱ्यात खाली मेमरीचा आकडा दिसतो, त्यावर राइट क्लिक करून कॅशे पर्ज करता येतो. फ्यूजनची टायटल्स पक्की झाली की क्लिपवर राइट क्लिक करून 'रेंडर इन प्लेस'. बनवणारी कंपनीच फ्यूजनसाठी ३२ जीबी सांगते, त्यामुळे १६ जीबीवर फ्यूजनकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गळती आहे की नुसता कॅशे?

रॅममधल्या फ्रेमच्या कॅशेने मेमरी वाढते आणि एका पातळीवर थांबते. गळती, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्रॅमने परत न सोडणं, थांबत नाही. टाइमलाइनचा ३० सेकंदांचा तुकडा इन-आउट लावून लूपवर सोडा आणि दर पाच मिनिटांनी कमिट साइझ लिहून ठेवा. ६.१, ७.४, ७.६, ७.६ असं आलं तर चिंता नाही. ६.१, ७.०, ७.९, ८.८ असं दर वेळी सारखंच चढत गेलं तर गळती.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रीमिअर उघडताना शिफ्ट दाबून ठेवलं की नव्या आवृत्त्यांत रीसेटचा डबा येतो, त्यातून बाहेरचे प्लगइन बंद करून तीच चाचणी घ्या. सुधारलं तर प्लगइन एकेक परत आणा, दोषी सापडेल. नाही सुधारलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर बदला. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमचा नव्हे, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. मेमरी टॅबमधला 'नॉन-पेज्ड पूल' जीबीमध्ये गेला असेल, तर दोष एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, कुठल्यातरी ड्रायव्हरमध्ये आहे. आणि चालू कामाच्या मध्यात सॉफ्टवेअर अपडेट करणार असाल तर आधी प्रोजेक्टची प्रत काढा. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुनी आवृत्ती उघडत नाही.

फोनवर काढलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बदलता असतो. त्यांनी टाइमलाइन अडत असेल तर हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' लावून त्या रूपांतरित करून घ्या.

एक्स्पोर्ट कोसळतोय

दर वेळी एकाच टक्क्याला थांबत असेल तर मेमरीच्या मागे लागण्याआधी त्या जागेची क्लिप, फोटो किंवा इफेक्ट तपासा. दर वेळी वेगळ्या टक्क्याला थांबत असेल तर मेमरी किंवा ड्रायव्हर. मीडिया एन्कोडरला काम दिलं की प्रोजेक्ट तिथे दुसऱ्यांदा उघडतो, म्हणून रांगेत लागल्यावर प्रीमिअर बंद करा. तरी जमलं नाही तर इन-आउट लावून दहा-दहा मिनिटांचे प्रोरेस ४२२ तुकडे काढा, नव्या सिक्वेन्समध्ये जोडा आणि त्यावरून शेवटची फाइल बनवा. सक्काळी पेनड्राइव्ह द्यायचा असताना हा मार्ग सगळ्यात भरवशाचा.

एवढं करूनही कमिटेड रोज २० जीबीच्या पुढे जात असेल तर रॅम घ्याच. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' २ पैकी १ की २ पैकी २ ते बघा. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ची खाच वेगळ्या जागी असते, एकमेकांत बसत नाहीत. वेगळ्या वेगाच्या दोन काड्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते, ॲपलच्या एम मालिकेत तर वाढवताच येत नाही; तिथे ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला 'मेमरी प्रेशर'चा आलेख पिवळा-लाल होतो का ते बघून प्रॉक्सीवरच भागवावं लागतं. नवी काडी बसवल्यावर काम सुरू करण्याआधी विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून घ्या. काडी खराब निघाली तर दुकानदाराकडे परत न्यायला अजून बिल हातात असतं.